दुष्काळ ओळखणारी पेशी

(विष्णुपुरी, नांदेड येथे विद्यार्थी व नागरिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गोदावरीच्या काठावरील विष्णुपुरी हे गाव उपसा सिंचन प्रकल्पामुळे आणि शंकरसागर जलाशयामुळे सर्वदूर परिचित आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था यांच्यामुळे ते विद्येचेही ठाणे झाले आहे. पाणी आणि विद्या यांचा असा शेजार लाभलेल्या ठिकाणी टंचाई या विषयावर बोलणे औचित्याचे ठरेल. टंचाई म्हणजे काय, हे मराठवाड्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली पिढी अजून घराघरांत आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आणावे लागले, ते तर आजच्या विद्यार्थ्यांनीही पाहिले आहे.

या भूमीतील जुनी माणसे एक गोष्ट सांगत असत. दुष्काळात कोण तगणार, हे दुष्काळ पडल्यावर ठरत नाही, त्याआधी ठरते. सुगीच्या दिवसांत ज्याने ज्वारीचे पेव भरून ठेवले, बियाणे वेगळे काढले आणि पहिला पाऊस हुकताच घरातला हात आखडता घेतला, तो तगला. ही सावधता माणसाने अनुभवातून मिळवली. परंतु माणूस या पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून हीच सावधता एका सूक्ष्म जीवाच्या अंगी होती. ती त्याच्या जनुकांतच लिहिलेली आहे. तो जीव म्हणजे यीस्ट, म्हणजेच किण्व. अन्न संपले की यीस्टची पेशी काय करते, ते तिला कसे कळते आणि त्या शोधातून माणसाच्या हाती काय आले, हा आजचा विषय आहे.

साधा जीव, मोठा ग्रंथ

यीस्ट कोणाला अपरिचित नाही. जिलबीचे पीठ आंबते, पावाचा गोळा फुगतो, शिंदीच्या झाडाचा रस दुपारपर्यंत फेसाळतो आणि साखर कारखान्याच्या मळीपासून मद्यार्क तयार होतो, त्यामागे हा जीव असतो. त्याची एक पेशी साधारणतः एका मिलिमीटरचा दोनशेवा भाग एवढी असते. अन्न मुबलक असेल तर तिच्या अंगाला कोंब फुटतो, तो वाढतो आणि वेगळा होतो. सुमारे दीड तासात एकीच्या दोन पेशी होतात. याच गतीने एक अहोरात्र गेली तर एका पेशीच्या ६५,५३६ पेशी होतील. काही दिवसांत सारी पृथ्वी यीस्टने झाकली जायला हवी. तसे होत नाही, कारण निसर्गात अन्न सदैव मुबलक नसते. पिकून फुटलेल्या फळावर दोन दिवसांची चैन असते, त्यानंतर दीर्घ उपासमार. यीस्टचे बहुतेक आयुष्य भुकेतच जाते. म्हणून या जीवाचे खरे कौशल्य वाढण्यात जितके आहे, तितकेच न वाढता टिकण्यात आहे.

१९९६ मध्ये यीस्टच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन पूर्ण झाले. युरोप, अमेरिका आणि जपान येथील अनेक प्रयोगशाळांतील शेकडो शास्त्रज्ञांनी मिळून हे काम केले. ज्यांच्या पेशीत स्वतंत्र केंद्रक असते अशा जीवांपैकी ज्याचा ग्रंथ प्रथम वाचून झाला, तो हा जीव. त्याची १६ गुणसूत्रे, सुमारे एक कोटी वीस लाख अक्षरे आणि जवळपास सहा हजार जनुके. वाचनानंतर जे लक्षात आले ते अधिक विस्मयकारक होते. माणूस आणि यीस्ट यांचा समान पूर्वज सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचा. तरीही यीस्टच्या अनेक जनुकांची भावंडे माणसाच्या पेशीत आजही नांदत आहेत. २०१५ मध्ये टेक्सास विद्यापीठातील आशिक कचरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टची चारशेहून अधिक अत्यावश्यक जनुके एकेक करून काढली आणि त्यांच्या जागी माणसाची तत्सम जनुके बसवली. जवळपास निम्म्या प्रसंगी माणसाच्या जनुकाने यीस्टचा संसार बिनबोभाट चालवला. म्हणून यीस्टच्या भुकेचा अभ्यास हा केवळ यीस्टचा अभ्यास राहत नाही.

भूक कळते कशी?

यीस्टला डोळे नाहीत, जीभ नाही, मेंदू नाही. मग अन्न संपत आले हे तिला कळते कसे? तिच्याजवळ भुकेची एकच घंटा नाही. प्रत्येक टंचाईची घंटा वेगळी आहे. साखर संपल्याची एक, नत्र संपल्याची दुसरी, स्फुरद संपल्याची तिसरी.

साखरेपासून आरंभ करू. ग्लुकोज ही यीस्टची सर्वांत आवडती साखर. ती समोर असेपर्यंत अन्य साखरा पचवणारी जनुके कुलूपबंद असतात. ग्लुकोज ओसरताच ‘एसएनएफ-१’ नावाच्या जनुकापासून बनलेले प्रथिन जागे होते आणि ती कुलुपे उघडू लागते. अमेरिकेतील मेरियन कार्लसन यांनी १९८१ मध्ये हे जनुक शोधले. ते बिघडलेली यीस्ट उसाची साखर आंबवू शकत नव्हती, त्यावरून त्याला हे नाव मिळाले. याच प्रथिनाचे भावंड माणसाच्या पेशीत ऊर्जेचा जमाखर्च पाहते. मधुमेहाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिन या औषधाने माणसातील हेच प्रथिन सक्रिय होते, असे २००१ मध्ये दिसून आले. त्या औषधाचा सारा परिणाम या एकाच वाटेने होत नाही, हे खरे. पण यीस्टच्या साखरटंचाईची वाट मधुमेहाच्या दवाखान्यापर्यंत पोहोचली, हे विसरता येणार नाही.

ग्लुकोज संपले आणि समोर दुधातील साखरेपासून मिळणारी गॅलॅक्टोज असली, तर काय होते? याचा सूक्ष्म अभ्यास आपल्या महाराष्ट्रात झाला आहे. मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. पैके जयदेव भट यांनी या जनुकसमूहावर दीर्घकाळ संशोधन केले आणि २००८ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या समूहाची रचना एखाद्या वाड्याच्या व्यवस्थेसारखी आहे. ‘गॅल-४’ हा काम सुरू करणारा कारभारी. ‘गॅल-८०’ हा त्याचा हात धरून ठेवणारा पहारेकरी. आणि ‘गॅल-३’ हा गॅलॅक्टोज आल्याची वर्दी देणारा निरोप्या. निरोप्याने पहारेकऱ्याला बाजूला घेतले की कारभारी मोकळा होतो आणि जी जनुके निद्रिस्त होती, त्यांचे कार्य सुमारे हजारपटीने वाढते. गॅलॅक्टोज पचवणाऱ्या याच साखळीतील एक विकर माणसाच्या नवजात बालकात जन्मतः नसला, तर आईचे दूधही त्याला विषवत होते. वेळीच निदान झाले आणि आहार बदलला तर ते बालक वाचते.

नत्राच्या टंचाईची घंटा याहून चतुर आहे. प्रथिने बनवण्यासाठी अमिनो आम्ले लागतात. ती कमी पडली की ती वाहून नेणारे रेणू रिकामेच फिरू लागतात. बाजारात रिकाम्या बैलगाड्या फिरू लागल्या की माल संपला हे जसे कळते, तसे ‘जीसीएन-२’ हे प्रथिन त्या रिकाम्या वाहकांना ओळखते आणि प्रथिननिर्मितीचा एकूण वेग मंदावते. परंतु त्याच वेळी ‘जीसीएन-४’ हे एक प्रथिन मात्र जास्त बनू लागते. सारे मंदावत असताना हे एकच कसे वाढते? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील ॲलन हिनेबुश यांनी १९८० च्या दशकापासून हे कोडे उलगडले. जीसीएन-४ च्या संदेशात खऱ्या आरंभाआधी चार छोटे खोटे आरंभ आहेत. सुबत्तेच्या काळात वाचन करणारे यंत्र लवकर सज्ज होते आणि या खोट्या आरंभांत अडकून निघून जाते. टंचाईत त्याला सज्ज व्हायला उशीर लागतो. त्या उशिरामुळेच ते खोटे आरंभ ओलांडून खऱ्या आरंभापाशी पोहोचते. मग जीसीएन-४ तयार होते आणि अमिनो आम्ले घरीच बनवणारी अनेक जनुके कामाला लावते. टंचाईमुळे आलेला मंदपणाच येथे टंचाईवरचा उपाय होतो.

बेटावरची माती आणि बनारसचा विद्यार्थी

या निरनिराळ्या घंटांचे आवाज ऐकून ‘आता वाढायचे की थांबायचे’ हा निर्णय घेणारे एक मध्यवर्ती प्रथिन आहे. त्याचे नाव ‘टॉर’. त्याच्या शोधाची कथा भारतीयांनी विशेषत्वाने जाणून घ्यावी अशी आहे.

१९६४ मध्ये कॅनडाहून एक वैद्यकीय पथक प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावर गेले. त्या बेटाचे स्थानिक नाव रापा नुई. तेथून आणलेले मातीचे नमुने माँट्रियलच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पोहोचले. त्या मातीतील एका जीवाणूपासून बुरशीची वाढ रोखणारे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि बेटावरून त्याचे नाव ‘रॅपामायसिन’ ठेवले गेले. हे काम करणाऱ्या गटाचे प्रमुख होते डॉ. सुरेंद्रनाथ सहगल. १९३२ मध्ये अखंड पंजाबात, आज पाकिस्तानात असलेल्या भागात, त्यांचा जन्म झाला. बनारस हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे ब्रिस्टल विद्यापीठातून विद्यावाचस्पती ही पदवी मिळवली. १९८० च्या दशकाच्या आरंभी कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली आणि या द्रव्यावरील काम गुंडाळले गेले. सहगल यांनी मात्र तो जीवाणू टाकून दिला नाही. घरच्या शीतपेटीत त्याच्या बाटल्या जपून ठेवल्या आणि घर बदलताना त्या सोबत अमेरिकेत नेल्या. पुढे व्यवस्थापन बदलल्यावर त्यांनी पाठपुरावा करून हे काम पुन्हा सुरू करवले. १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये, यासाठीचे औषध म्हणून रॅपामायसिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. २००३ मध्ये सहगल यांचे निधन झाले.

हे द्रव्य पेशीत नेमके कशाला अडवते, हे यीस्टने सांगितले. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे जोसेफ हाइटमन, राव मोव्वा आणि मायकेल हॉल या तिघांनी रॅपामायसिनला दाद न देणाऱ्या यीस्टच्या पेशी शोधल्या आणि त्यांच्यात कोणती जनुके बदलली आहेत ते पाहिले. १९९१ मध्ये त्यांनी ती दोन जनुके प्रसिद्ध केली: ‘टॉर-१’ आणि ‘टॉर-२’. नंतर कळले की अन्न, विशेषतः नत्र, भरपूर असताना टॉर जागे असते आणि पेशीला ‘वाढ’ असा आदेश देत राहते. अन्न संपले की ते निमते. रॅपामायसिन दिले की भरल्या ताटावर बसलेली पेशीदेखील आपण उपाशी आहोत अशा रीतीने वागू लागते. माणसाच्या पेशीतही टॉर आहे. अनेक कर्करोगांत वाढीचा हा आदेश बेलगाम झालेला असतो, म्हणून रॅपामायसिनच्या कुळातील औषधे काही कर्करोगांवर वापरली जातात.

स्वतःलाच पुरवून खाणे

टॉर शांत झाले की पेशीत जी कामे सुरू होतात, त्यांतील एकाला स्वभक्षण म्हणतात. इंग्रजीतील ‘ऑटोफॅजी’ हा शब्द बेल्जियमचे ख्रिश्चन द दूव यांनी १९६३ मध्ये रूढ केला. पेशी आपल्याच अंगातील जुनी, मोडकी, तूर्त न लागणारी सामग्री एका पिशवीत बांधते, पचनाच्या कप्प्यात नेऊन टाकते आणि तिच्यातून निघालेला कच्चा माल पुन्हा वापरते. दुष्काळात घराचे जुने लाकूडसामान मोडून चूल पेटवावी, तसे हे आहे. हे घडते एवढे ठाऊक होते. कसे घडते आणि कोणती जनुके ते घडवतात, हे पुढची तीस वर्षे अंधारातच राहिले.

तो अंधार दूर केला जपानच्या योशिनोरी ओहसुमी यांनी. १९४५ मध्ये फुकुओका येथे जन्मलेले ओहसुमी १९८८ मध्ये, म्हणजे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तोक्यो विद्यापीठात स्वतःची छोटी प्रयोगशाळा मांडू शकले. यीस्टमधील पचनाचा कप्पा, म्हणजे रिक्तिका, हा त्यांचा विषय. बहुतेकांच्या दृष्टीने ती पेशीची कचरापेटी होती, त्यामुळे तिच्याकडे गर्दी नव्हती. ओहसुमी यांनी विचार केला तो असा: रिक्तिकेत आलेला माल पटकन पचून जातो, म्हणून तो दिसत नाही. पचवणारे विकरच नसलेली यीस्ट घेतली आणि तिला उपाशी ठेवले, तर माल येत राहील आणि साचेल. साचला तर साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसेल. तसेच झाले. काही तासांत रिक्तिका छोट्या छोट्या गोळ्यांनी भरून गेली आणि ते गोळे आत थरथरताना दिसू लागले. १९९२ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले.

पुढची पायरी जनुकांची. ओहसुमी आणि त्यांची विद्यार्थिनी मिकी त्सुकादा यांनी रसायनाने यीस्टच्या जनुकांत यादृच्छिक बिघाड घडवले आणि अशा हजारो पेशी तपासल्या. ज्यांत स्वभक्षण होत नव्हते, त्या पेशी नत्राच्या उपासमारीत इतरांहून फार लवकर मरत होत्या. लवकर मरणे ही खूण धरून त्यांनी शोध घेतला आणि १९९३ मध्ये १५ जनुके निश्चित केली. आज अशी चाळीसहून अधिक जनुके ज्ञात आहेत. टॉरशी त्यांचा धागाही जुळला: अन्न असताना टॉर ‘एटीजी-१३’ या प्रथिनावर फॉस्फेटची मोहर उमटवून ठेवते. अन्न संपले की ती मोहर निघते, एटीजी-१३ आपल्या जोडीदाराशी मिळते आणि पिशव्या बांधण्याचे काम सुरू होते.

माणसापर्यंतचे अंतर येथेही लवकर कापले गेले. २००४ मध्ये जपानमध्येच नोबोरू मिझुशिमा आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात दाखवून दिले की, जन्मतःच नाळेतून येणारे अन्न तुटते आणि आईचे दूध मिळेपर्यंतचा काळ पिल्लू स्वभक्षणावर तरून नेते. त्यासाठीचे एक जनुक नसलेली पिल्ले जन्मानंतर एका दिवसाच्या आत दगावली. यीस्टच्या उपासमारीसाठी घडलेली योजना नवजात जीवाच्या पहिल्या प्रहरात उपयोगी पडते, याहून मोठा पुरावा कोणता हवा? २०१६ चे शरीरक्रियाशास्त्र व वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ओहसुमी यांना एकट्यांना मिळाले.

नोबेल आणि उपवास

या ठिकाणी थोडे थांबून एका गोष्टीचा स्पष्ट विचार करणे आवश्यक आहे. हे पारितोषिक जाहीर झाल्यानंतर समाजमाध्यमांतून एक मजकूर देशभर फिरू लागला: ‘एकादशीचा उपवास केल्याने कर्करोग बरा होतो, हे जपानी शास्त्रज्ञाने सिद्ध केले आणि त्याला नोबेल मिळाले.’ आपल्या परंपरेविषयी अभिमान बाळगणाऱ्या कित्येकांनी तो सद्भावनेने पुढे पाठवला. पण तो खरा नाही.

ओहसुमी यांनी उपाशी ठेवली ती यीस्ट. नोबेल मिळाले ते स्वभक्षणाची यंत्रणा उलगडल्याबद्दल. किती तासांच्या उपवासाने माणसाच्या कोणत्या अवयवात किती स्वभक्षण वाढते, याचे कोष्टक त्यांनी दिलेले नाही. तो त्यांच्या प्रयोगांचा विषयही नव्हता. कर्करोगाचे म्हणाल, तर स्वभक्षण तेथे दुधारी आहे. निरोगी पेशीत ते मोडतोड साफ करून कर्करोगाला आवर घालते. पण एकदा गाठ वाढू लागली की त्याच गाठीतील पेशी रक्तपुरवठा अपुरा असताना स्वभक्षणाच्या बळावर तग धरतात. उपवास हा कर्करोगाचा उपचार समजून कोणी रुग्णालयातील उपचार सोडले, किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहीने वैद्याला न विचारता निराहार राहायचे ठरवले, तर त्या फिरत्या मजकुराची किंमत त्या घराला मोजावी लागेल.

शिवाय, यीस्टची उपासमार आणि घरातील उपवास यांत एक गमतीचाही भेद आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडेच जन्मली. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, भगर आणि वर केळ्याची शिकरण अशा उपवासात पेशीतील टॉरला टंचाईची वार्तादेखील लागणार नाही!

उपवास या शब्दाचा अर्थ जवळ राहणे असा आहे. आहाराची ओढ बाजूला ठेवून मन ईश्वरचिंतनाजवळ ठेवण्याची ती साधना आहे. वारकऱ्याने शतकानुशतके एकादशी पाळली, ती कोणा परदेशी पारितोषिकाच्या भरवशावर नव्हे. तिचे मोल तिच्या स्वतःच्या भूमीवर उभे आहे. उसन्या आणि खोट्या प्रमाणपत्राने ते वाढत नाही, उलट ते प्रमाणपत्र खोटे ठरल्यावर परंपराच हास्यास्पद होते. सत्याचा आग्रह हाही परंपरेचाच भाग आहे. ओहसुमी यांच्या संशोधनाचा खरा सन्मान ते नीट समजून घेण्यात आहे.

विसावा घेण्याची कला

स्वभक्षणाने काही काळ निभतो. टंचाई लांबली तर यीस्ट विसाव्याची तयारी करते. पेशी विभाजनाच्या मध्यावर थांबू शकत नाही. अर्धवट वाटलेली गुणसूत्रे म्हणजे मृत्यू. विभाजनाआधी एक उंबरठा असतो, तेथेच ‘पुढे जायचे की थांबायचे’ हे ठरते. लेलंड हार्टवेल यांनी यीस्टमध्येच हा उंबरठा दाखवून दिला आणि २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. उंबरठ्याच्या अलीकडे थांबलेली पेशी भिंत जाड करते आणि ग्लायकोजेन व ट्रेहॅलोज या साखरांचा साठा करते. ट्रेहॅलोज तर दुहेरी उपयोगाची आहे: ती शिधाही आहे आणि पाणी आटले तरी प्रथिनांची घडी मोडू न देणारे कवचही. बाजारात पाकिटात मिळणारे कोरडे यीस्ट कोमट पाण्यात पडताच जिवंत होते, त्याचे बरेचसे श्रेय या साखरेला आहे.

विसाव्याची ही तयारी करवून घेणाऱ्या प्रथिनांत ‘रिम-१५’ महत्त्वाचे. तेही टॉरच्या धाकात असते आणि टॉर निमले की कामाला लागते. या जनुकाबाबत २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी एक उद्बोधक गोष्ट प्रसिद्ध केली. तांदळापासून साके हे पेय बनवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले यीस्ट सामान्य यीस्टहून अधिक जोमाने आंबवते. त्याचे एक कारण हे की त्यात रिम-१५ बिघडलेले आहे. पोषण कमी झाले तरी ते थांबतच नाही, शेवटच्या कणापर्यंत आंबवत राहते. उत्पादकाला हवा असलेला गुण तो हाच. पण विसावा विसरलेली ही पेशी उपासमारीचे आघात सामान्य यीस्टइतके सोसू शकत नाही. माणसाने तिला दरवेळी नवे अन्न द्यावे, तेव्हाच तिचा वंश चालतो. जास्तीत जास्त उत्पन्न आणि टंचाईत टिकाव, हे दोन्ही एकाच वाणाकडून मिळत नाही, हे येथील शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको.

टंचाईचा शेवटचा उपाय म्हणजे बीजाणू. नत्र नाही आणि कर्बही निकृष्ट प्रतीचा, अशा स्थितीत दुहेरी गुणसूत्रसंच असलेली यीस्ट अर्धसूत्री विभाजन करून एका आवरणात चार बीजाणू बनवते. जणू बियाण्याचे पेवच. परंतु सर्व यीस्ट यात सारखी तरबेज नसते. एका प्रकारच्या यीस्टमधील नव्वद टक्क्यांहून अधिक पेशी बीजाणू बनवतात, तर प्रयोगशाळेत रुळलेल्या दुसऱ्या प्रकारात फारच थोड्या. या फरकाचा मोठा भाग तीन जनुकांतील एकेका अक्षराइतक्या बदलांत आहे, असे अमेरिकेत २००५ मध्ये दाखवले गेले. त्यांतील ‘टीएओ-३’ या जनुकाचा एका अक्षराचा बदल पेशीचे वर्तन कोणत्या वाटांनी पालटतो, याचा पुढील शोध मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हिमांशु सिन्हा यांच्या गटाने घेतला आणि २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. एकाच जातीतील दोन जीव एकाच टंचाईला भिन्न प्रतिसाद का देतात, हा प्रश्न पुढे माणसाच्या आजारांनाही लागू पडतो.

मराठवाड्याच्या मातीतले प्रश्न

ही सारी कथा तोक्यो, बाझल आणि मुंबईची वाटेल, पण तिचे एक टोक मराठवाड्यातही आहे. नांदेड-लातूरच्या परिसरात ऊस आहे, साखर कारखाने आहेत आणि कारखान्यांच्या जोडीला आसवन्या आहेत. मळीत साखर भरपूर, पण यीस्टला लागणारे नत्र आणि स्फुरद त्या मानाने अपुरे. म्हणून किण्वनाच्या टाकीत युरिया आणि डीएपी घालतात. शेतात टाकायचे खत टाकीत कशाला, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. त्याचे उत्तर आज ऐकलेल्या जनुकांत आहे: साखर असूनही नत्र नसेल तर टॉर निमते, पेशी वाढ थांबवते आणि मद्यार्काचा उतारा घटतो. टाकीजवळ उभा राहणारा कामगार रोज यीस्टची भूक सांभाळत असतो.

पुण्याजवळील मांजरी येथे वसंतदादा साखर संस्था या उद्योगासाठी संशोधन करते. पुण्यातीलच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि त्यात यीस्टचेही अनेक वाण जतन केलेले आहेत. गोठवून सुकवलेली यीस्ट काचेच्या नळीत वर्षानुवर्षे निद्रिस्त राहते आणि हवी तेव्हा जागी होते. तिच्या उपासमार सोसण्याच्या गुणावरच असे संग्रह उभे आहेत.

विद्यार्थी मित्रहो, यीस्टच्या संशोधनाला राजेशाही सामग्री लागत नाही. साखर, थोडे क्षार, काचेची पात्रे, एक बरा सूक्ष्मदर्शक आणि रोज तेच पात्र पुन्हा पाहण्याची चिकाटी यांतून आरंभ होऊ शकतो. ओहसुमी यांनी गर्दीचा विषय टाळून दुर्लक्षित रिक्तिका निवडली. सहगल यांनी बंद पडलेल्या कामाची बाटली घरी जपली. दोघांनाही फळ लगेच मिळाले नाही. या परिसरातील शिंदीच्या रसात, मोहाच्या फुलांवर, उसाच्या चिपाडावर आणि उन्हाळ्यात आटलेल्या नाल्याच्या चिखलात यीस्टचे कोणते वाण राहतात? चाळीस अंशांच्या पुढचा उन्हाळा आणि महिनोन्‌महिन्यांची उपासमार ते कसे सोसतात? त्यांच्या रिम-१५ मध्ये आणि टॉरमध्ये कोणती अक्षरे आहेत? हे प्रश्न मराठवाड्यातील विद्यार्थ्याला जितक्या जवळून विचारता येतील, तितके तोक्योतील विद्यार्थ्याला येणार नाहीत. यंदाच्या उन्हाळी सुट्टीत कोणी आपल्या गावच्या शिंदीच्या झाडाखालून एक निर्जंतुक बाटली भरून आणली आणि ती विद्यापीठाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर आजचे हे व्याख्यान कारणी लागले असे म्हणता येईल.